फुंकरच्या हाताला एकच केबल लागली

फुंकर गेला त्यानंतर तीन-चार दिवसांनी वहिनी माझ्याकडे आल्या. चहाचा कप तसाच बाजूला ठेवून म्हणाल्या, "ताई, यांचा नाटकातला एखादा फोटो असेल ना तुमच्याकडे? घरी ओळखपत्रावरचा आहे, पण त्यात हे चोरी करताना सापडल्यासारखे दिसतात."

माझ्याकडे नव्हता. एकुलता एक होता, तो फुंकरने स्वतःच्या हाताने पुसला होता. का पुसला, कसा पुसला, ते वहिनींना माहीत होतं. तरीही त्या विचारायला आल्या, कारण माणूस गेल्यावर आपण सगळीच दारं पुन्हा एकदा ठोठावतो.

फुंकर हे काही त्याचं आडनाव नव्हे. आमच्या नाटक कंपनीत तो प्रॉम्प्टर होता. विंगेत, पडद्याच्या घडीत स्टुलावर बसून अडलेल्या नटाला वाक्य द्यायचं, हे त्याचं काम. बाकीचे प्रॉम्प्टर वाक्य फेकतात. ते तिसऱ्या रांगेला ऐकू जातं आणि तिसरी रांग नटाच्या आधी हसते. याचं वाक्य कानाशी यायचं ते गरम दुधावर घातलेल्या फुंकरीसारखं. नाव पडलं ते पडलं. पुढे कुरिअरवाले "फुंकरसाहेब कोण?" असं विचारत यायचे आणि तो निमूटपणे सही करायचा.

मी कुठे अडणार हे त्याला माझ्याआधी कळायचं. मी चुकीच्या जागी श्वास घेतला की वाक्य कानाशी हजर. ही देणगी होती, आणि खोडही तीच होती, कारण तो पोथी मिटून प्रॉम्प्ट करायचा. नाटक पाठ, मग बघायचं कशाला? एकदा दिग्दर्शकाने दुपारच्या तालमीत दुसऱ्या अंकातली काही पानं काढून टाकली. सगळ्यांच्या प्रतींवर काट बसली, फुंकरच्याही. प्रयोगात मी अडले आणि फुंकरने त्या काढून टाकलेल्या पानांतलंच वाक्य दिलं. मी ते विश्वासाने म्हटलं. परिणाम असा झाला की पहिल्या अंकात वारलेले माझे वडील दुसऱ्या अंकात पुन्हा आजारी पडले. समोरचा नट भांबावून म्हणाला, "परत?" प्रेक्षक इतके हसले की त्या शोकांतिकेला मिळालेला तो सर्वांत मोठा हशा. मध्यंतरात फुंकर माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, पोथी बदलली हे मला कळलं होतं. तोंडाला कळलं नव्हतं."

कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही सगळे पांगलो. फुंकर काही काळ घरी बसला आणि मग चाळिशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकला. झेरॉक्सच्या दुकानाच्या मागच्या भागात, कागदांच्या गठ्ठ्यांपलीकडे, त्याला एक टेबल मिळालं. दुकानाची मालकीण ती झेरॉक्सबाई. तोंडाने फटकळ, पण तिसऱ्या प्रहरी चहा आला की पहिला कप मागे पाठवणारी. लोक बंद पडलेली यंत्रं घेऊन यायचे, हा त्यांच्यात नवी सिस्टम घालून द्यायचा. गल्लीच्या भाषेत सांगायचं तर फॉरमॅट मारायचा.

मी अधूनमधून जाऊन बसायचे. त्यानेच मला एकदा समजावलं होतं. "बाई, पूर्वी सिस्टमची चकती यायची. आता चकतीच नाही. अख्ख्या चकतीची हुबेहूब प्रत एका फाइलमध्ये असते, तिला आयएसओ म्हणतात. पण ती फाइल पेन ड्राइव्हवर नुसती टाकून भागत नाही. कपाटात पोथी ठेवली म्हणून नाटक होतं का? एका छोट्या प्रोग्रॅमने ती पेन ड्राइव्हवर उतरवावी लागते. मग मेलेलं यंत्रसुद्धा तिच्यावरून उठून बसतं आणि विचारतं, बोला, कोणती भाषा?"

संहिता म्हणायचा तो त्या फाइलला. पेन ड्राइव्ह म्हणजे प्रती. त्या प्रती भिंतीवरच्या खिळ्यांना दोऱ्याने टांगलेल्या असत. एकीच्या दोऱ्याला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला जाड सुतळी. आम्हाला वाटे, काय हा टापटिपीचा माणूस. आणि काम करताना त्याचे ओठ हलत. पडद्यावर प्रश्न उमटायच्या आधी तो प्रश्न याच्या ओठांवर यायचा आणि बोट उत्तरावर पडलेलं असायचं. माउसला हात लावायचा नाही, सगळं कीबोर्डवर. झेरॉक्सबाई म्हणायची, "यंत्राला विचार तरी करू दे रे. एवढी घाई तर मला गिऱ्हाईक घालवायची नसते."

एक नियम मात्र त्याने कधी मोडला नाही. सिस्टम घालण्याआधी यंत्राची पेटी उघडायची, आत हात घालायचा आणि जिच्यावर काम करायचं ती डिस्क सोडून बाकी सगळ्या डिस्कच्या केबल उपटून ठेवायच्या. "स्टेजवर ज्याचं काम नाही, त्याने विंगेतही उभं राहायचं नाही," असं म्हणायचा.

मग एक दिवस वहिनींनी मला बाजारात गाठलं. पिशवी खाली ठेवून त्या सरळ मुद्द्यावर आल्या. "ताई, यांना दिसत नाही."

"कुणाला?"

"आमच्या घरात आम्ही किती जण आहोत? यांना. वाचता येत नाही, सुईत दोरा जात नाही, ताटातलं विचारून खातात. घरात मी काही हलवत नाही. खुर्ची वीतभर सरकली तरी यांच्या नडगीला कळतं. तुमचं ऐकतील. दुकान सोडायला सांगा. कुणाचं तरी नुकसान करून बसतील आणि मग त्या घोरानेच जातील."

मी तशीच दुकानात गेले. फुंकर टेबलाशी होता. मी एक जाहिरातीचा कागद उलटा धरून त्याच्यासमोर नाचवला. "काय लिहिलंय रे यात? माझा चष्मा घरी राहिला."

"बाई, चष्मा तुमच्या डोक्यावर आहे."

माझा जीव भांड्यात पडला. मी हसले. तो हसला नाही.

"आणि कागदावर काय आहे?" मी विचारलं.

पुढे झेरॉक्सचं यंत्र कागद गिळत होतं, ओकत होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "कागद दिसतो. कागदावरचं दिसत नाही. मधलं गेलं, बाई. विंगा उरल्यात. तुमच्याकडे सरळ बघितलं की तुमच्या जागी राखाडी डाग असतो. भिंतीकडे बघितलं की तुम्ही दिसता."

"डॉक्टर?"

"उशीर झाला म्हणाले."

"मग ही कामं कशी करतोस?"

"पाठ आहेत. तीन संहिता आहेत माझ्याकडे, तिन्ही पाठ. कुठे खाली यायचं, कुठे टॅब, कुठे हो. यंत्राला कुठे कळतंय मी बघतोय की नाही ते. केबल हाताला लागतात."

मी त्याला वहिनींचा निरोप सांगितला. तो म्हणाला, "तिचं चूक नाही. पण कंपनी बंद पडली तेव्हा मी घरी बसलो होतो ते तुम्ही बघितलेलं नाही. तिच्या तोंडची वाक्यं मी तिच्याआधी बोलायला लागलो होतो. तिने मीठ म्हणायच्या आधी मी मीठ. तिने उफ् म्हणायच्या आधी मी उफ्. एकदा तिने नुसतं तोंड उघडलं आणि रडायला लागली. या टेबलामुळे आमचा संसार टिकला. तुम्ही कुणाला सांगू नका. एवढं एकच मागतो."

आयुष्यभर ज्याने माझी लाज राखली त्याने एकच गोष्ट मागितली. मी नाही म्हणू शकले नाही, आणि आजही म्हणू शकले नसते.

अडचण वेगळीच आली. सिस्टमची नवी आवृत्ती निघाली, लोक तीच मागायला लागले, आणि नव्या आयएसओमध्ये प्रश्नांचा क्रम बदललेला. म्हणजे पुन्हा पोथी बदलली. मग आम्ही तालीम सुरू केली. दुपारी तो माझ्याकडे यायचा. नव्या संहितेची प्रत माझ्या जुन्या कॉम्प्युटरला लावायचा, चालू करताना एफ-बारा दाबून यंत्र त्या प्रतीवरून उठवायचा, आणि मी पडद्यावरचं मोठ्याने वाचायचे. मी विंगेत, तो रंगमंचावर. इतक्या वर्षांनी जागा बदलल्या होत्या आणि दोघांनाही त्याची गंमत वाटत होती.

"भाषा विचारतंय," मी म्हणायचे.

"पुढे."

"आता अटी मान्य आहेत का म्हणतंय."

"कुणी वाचतं का त्या? टॅब, हो, पुढे."

"आता डिस्कची यादी आली. एक ओळ आहे."

"ओळ निवडलेली आहे?"

"पहिलीच आहे ती, निवडलेलीच आहे."

"मग पुसा, हो, पुढे. झालं."

"आणि दोन ओळी आल्या तर?"

"येणारच नाहीत. बाकीच्यांच्या केबल मी काढलेल्या असतात. बाई, तुम्हाला दुसऱ्या अंकाची भीती अजून गेली नाही."

आठवडाभरात त्याला सगळं पाठ झालं. माझं वाचन मागे पडायला लागलं आणि त्याचे ओठ पुढे धावायला लागले. माझा यंत्रातला सगळा संसार दरवेळी पुसला जात होता, पण माझ्या त्या संसारात होतं काय, दोन पाककृती आणि विजेची बिलं.

दुकानाच्या समोर फोटोस्टुडिओ होता. त्याच्या मालकालाही आम्ही स्टुडिओच म्हणायचो. आमच्या कंपनीचे सगळे फोटो त्यानेच काढलेले. थिएटरच्या दारातल्या काचेच्या पेटीत जे लागायचे ते कंपनीबरोबर गेले, निगेटिव्ह ओल लागून एकमेकींना चिकटल्या. पण त्याआधी स्टुडिओने सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतलं होतं. आमचं नाटक, गल्लीतली लग्नं, शाळेचे वर्ग, पहिले वाढदिवस. गल्लीत कोणी वारलं की घरचे आधी स्टुडिओकडे जायचे. तो नुसतं नाव विचारून माणसाचा हसरा चेहरा काढून द्यायचा.

त्याचं यंत्र फार हळू झालं होतं. तो ते उचलून फुंकरच्या टेबलावर घेऊन आला. मी पुढे झेरॉक्सबाईपाशी बसले होते.

"नवी सिस्टम घाल," स्टुडिओ म्हणाला. "जुन्या डिस्कवरचं सगळं उडव, त्यात माझं काही नाही. फोटो मी वेगळ्या डिस्कवर टाकलेत. तिला तेवढा हात लावू नकोस."

"नाही लावत," फुंकर म्हणाला.

"हात लावलास तर तुझं थोबाड मीच फोडीन, आणि मग त्याचा फोटोही मीच काढीन."

"उधारीवर काढ."

स्टुडिओ हसत गेला. फुंकरने पेटी उघडली, आत हात घातला. त्याची बोटं मी लांबून बघत होते, आंधळ्या कोळ्यासारखी फिरणारी. एक डिस्क, एक केबल. दुसरी केबल नव्हती. त्याने मान हलवली. मला नंतर कळलं, त्याने मनाशी ठरवलं की फोटोंची डिस्क स्टुडिओने काढून घरी ठेवली असणार. एकदा हाक मारून विचारायचं होतं, "दुसरी कुठे आहे रे?" पण पेटी उघडी पडलेली असताना जो माणूस असं विचारतो, त्याला दिसत नाही हे उघड होतं. त्याने विचारलं नाही.

मी उठून त्याच्यामागे उभी राहिले नाही. तो त्याचा अपमान झाला असता. नट विंगेकडे बघत नाही, तशी मी समोर रस्त्याकडे बघत चहा प्याले. मागून त्याची कुजबुज ऐकू येत होती. भाषा, पुढे, टॅब, हो, पुढे. यंत्राच्या आधी तो, नेहमीसारखा. पुसा. हो. पुढे. मला इतका अभिमान वाटला की मी झेरॉक्सबाईला उगाचच एक बिस्कीट दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओ यंत्र परत घेऊन आला. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता प्रश्न होता.

"सिस्टम झकास रे. फोटो कुठेत?"

"तुझ्या घरी," फुंकर म्हणाला. "डिस्क तूच काढून ठेवलीस ना?"

"मी कशाला काढू? आतच आहे. ही काय, समोर." स्टुडिओने पेटी उघडून बोट ठेवलं. "केबलची नाही रे ही, नव्या पद्धतीची. पट्टीसारखी असते, बोर्डावर आडवी बसवतात. ज्यांच्याकडून घेतली त्यांनीच बसवून दिली, वर हे चकचकीत झाकण."

फुंकरने हात पुढे केला. त्याची बोटं त्या झाकणावरून गेली. काल ती त्याच झाकणावरून गेली असणार आणि त्याला तो बोर्डाचाच भाग वाटला असणार. दोन गाठींची प्रत खिळ्यावरून काढून त्याने यंत्राला लावली, यादीपर्यंत आणलं आणि म्हणाला, "बाई, वाचा."

मी मागे गेले आणि वाचलं. दोन ओळी होत्या. पहिली ओळ पट्टीची, तिच्यावर नवी कोरी सिस्टम. दुसरी ओळ जुन्या डिस्कची, तिच्यावर जुनं सगळं जसंच्या तसं.

"म्हणजे जे उडवायचं होतं ते आहे," स्टुडिओ सावकाश म्हणाला.

"हो."

"आणि फोटो?"

"माझ्या हाताने गेले."

झेरॉक्सबाई पुढून आली होती. तिला काय वाटलं कोण जाणे, ती मध्ये पडली. "त्या पट्टीतच खोट असेल. नव्या मालाचा काय भरवसा? आमचं नवं यंत्र आलं तेव्हा आठ दिवस नुसते काळे कागद काढत होतं."

स्टुडिओने फुंकरकडे बघितलं. मी शपथेवर सांगते, त्याला ते खरं मानायचं होतं. फुंकरने नुसती मान डोलावली असती तरी पुरलं असतं. टेबल राहिलं असतं, खिळ्यांवरच्या प्रती राहिल्या असत्या, दोस्तीसुद्धा राहिली असती. मी त्याच्या ओठांकडे बघत होते. ते हलत नव्हते. या प्रश्नाचं उत्तर त्याने पाठ केलेलं नव्हतं.

"पट्टी चांगली आहे," तो म्हणाला. "मला दिसत नाही. बरेच दिवस दिसत नाही."

"बरेच म्हणजे?"

"दोन वर्षं."

"माझ्या पोरीच्या लग्नाचा अल्बम बघून सुंदर म्हणालास की."

"कडा सुंदर होत्या."

स्टुडिओने यंत्राची पेटी बंद केली, चारही स्क्रू एकेक करून घट्ट बसवले. इतक्या काळजीने तो हे करत होता की जणू आत अजून काही होतं. जाताना म्हणाला, "विचारायचंस रे फक्त. एकदा विचारायचंस."

त्याने ती पट्टी मोठ्या शहरात नेऊन पुष्कळ प्रयत्न केले. तिथल्यांनी सांगितलं, जुन्या जातीच्या डिस्कवरून काही तरी खरवडून निघालं असतं. ही पट्टी एकदा पुसली की आपणहून आतून कोरी होत जाते. आधी त्याने सगळ्याच्या चकत्या करून ठेवल्या होत्या, त्या कधीच बुरशीने खाल्लेल्या. त्यानंतर गल्लीत कोणी वारलं की घरचे सवयीने स्टुडिओकडे जात. तो नाव ऐकून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "निळा कोट होता. खिडकीपाशी उभा केला होता. हसले होते." मग म्हणायचा, "नाही माझ्याकडे." तो कुणावर ओरडला नाही. फक्त रस्ता ओलांडून या बाजूला यायचं त्याने सोडलं.

फुंकर त्याच दिवशी घरी गेला तो परत टेबलाशी आला नाही. झेरॉक्सबाईने दोऱ्यांसकट प्रती एका डब्यात भरून माझ्याकडे दिल्या. मी त्याच्या घरी नेल्या तर त्याने गाठी चाचपल्या आणि डबा बंद केला. सुरुवातीला तो पुन्हा वहिनींची वाक्यं त्यांच्याआधी बोलायला लागला. "या वेळी मला बरं वाटलं होतं, ताई," वहिनी सांगत होत्या. "आणि मग तेही बंद झालं. मी मीठ म्हणायचे आणि हे वाट बघत बसायचे, पुढे काही आहे का म्हणून." डोळ्यांनी कोणी मरत नाही. डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं.

तर वहिनी फोटो मागायला आल्या, आणि मी त्यांना घेऊन स्टुडिओकडे गेले. दुसरं काय करणार होते? स्टुडिओ आम्हाला बघून उठला, वहिनींना खुर्ची दिली. नाव विचारायची गरज नव्हती. त्याने डोळे मिटले.

"कंपनीचा ग्रुप फोटो होता," तो म्हणाला. "बाई मधोमध. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. फुंकर म्हणाला होता, मला नको घेऊ, माझं काम विंगेत. मी म्हटलं, बस तिथेच, कडेला येशील. तसा आला. डावीकडे पडद्याची घडी, तिच्यातून एक गुडघा, गुडघ्यावर मिटलेली पोथी आणि अर्धा चेहरा."

"हसत होते?" वहिनींनी विचारलं.

"सांगता येत नाही. तोंड जरा पुसट आलं होतं. सगळे स्तब्ध उभे राहिले, पण याचे ओठ हलले."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "काय म्हणत होते हे तेव्हा? तुम्ही बघितलं असेल ना, ताई. कसे दिसायचे तिथे बसलेले?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला. स्टूल आठवलं, पडद्याचा वास आठवला, कानाशी येणारा तो उबदार श्वास आठवला. चेहरा नाही. वाक्य मिळालं की आम्ही पुढे बोलायचो, त्या दिशेला मान वळवायची नसते. पहिल्याच तालमीत शिकवतात ते.

"मी कधी वळून बघितलं नाही, वहिनी," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. थोडा वेळ रिकाम्या भिंतीकडे बघत बसल्या. मग पर्स उघडून त्यांनी ओळखपत्र काढलं आणि स्टुडिओच्या हातात दिलं.

"हाच मोठा करून द्या मग," त्या म्हणाल्या.